श्टुटगार्टात बसून अंबडला सल्ले

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर रणकंदन चालूय. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज असलेल्या भाच्यानं राजीनामा दिलाय आणि शेवटच्या दिवशी साहेबाची सगळी उणीदुणी काढणारा मेल अख्ख्या प्लांटला सीसी करून टाकणार म्हणतोय. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका म्हणतात गपगुमान नीघ, तरुण पोरं म्हणतात टाकच, आणि सगळ्यात जोरात कोण बोलतंय तर आमच्यासारखी जर्मनीत बसलेली मंडळी, की इकडे बघा लोक बॉसला कसं तोंडावर बोलतात.

बोलतात, खरंय. पण त्यांच्या पाठीशी काय आहे ते कोणी सांगत नाही. जर्मनीत दहाच्या वर माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने काढले की कायद्याला पटेल असं कारण दिल्याशिवाय काढता येत नाही, कामगारांनी निवडलेली कमिटी असेल तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि सोडताना कामाचं लेखी प्रशस्तिपत्र मागायचा हक्क आहे, त्यात उगाच वाकडं लिहिता येत नाही. एवढं असल्यावर कोणीही शूर होईल.

भाच्याकडे काय आहे? नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात सुपरवायझरी कामाला महिना १८,००० च्या वर पगार असला की इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये तो वर्कर धरलाच जात नाही. म्हणजे त्याच्या हाताखालच्या ऑपरेटरला जेवढं संरक्षण, तेवढंही याला नाही. सोडल्यावर पगाराचा हिशोब दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असं वेजेस कोडात आहे खरं, पण रिलीव्हिंग लेटर लटकवलं तर बसा फोन करत. वर आपलं नाशिक केवढं हो? सातपूर, अंबड, फार तर सिन्नर. आजचा साहेब दोन वर्षांनी तुमच्याच वेंडरकडे प्लांट हेड होऊन बसलेला असतो, आणि रेफरन्स चेक म्हणजे एचआरचा फॉर्म नसतो, 'कसाय रे तो पोरगा' एवढा एक फोन असतो.

म्हणून काका बरोबर असंही नाही, त्यांना सरकारी नोकरीतलं गप्प बसणं परवडलं. भाच्याची तक्रार खरी आहे, दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, याच्या नावावर टाकलं जायचं. हे त्यानं तेव्हाच साहेबाला दोन ओळींच्या मेलमध्ये लिहायला हवं होतं, नुसत्या साहेबाला, कोणालाही सीसी न करता. त्याऐवजी तो रोज गेटबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर सांगत राहिला आणि संध्याकाळपर्यंत ते आत पोचत राहिलं, आता तो खरं बोलला तरी लोक म्हणणार खुन्नस काढतोय. आपलं हेच होतं, साहेबाच्या घरच्या वास्तुशांतीला पंगतीत वाढायला आपण, आणि मग सोडताना साधा राजीनामा राहत नाही, सरळ भाऊबंदकी होते. इकडे जर्मनीत पार्टच्या ड्रॉइंगवरून कडकडून भांडतात आणि बारा वाजता त्याच्याच शेजारी बसून जेवतात, यात प्रेम नाही हां, फक्त भांडण ड्रॉइंगचं असतं.

मी त्याला म्हटलं मेल ड्राफ्टमध्येच राहू दे, हँडओव्हर शीट नीट भर, रिजेक्शनचे आकडे तारीखवार, शिफ्टवार जसेच्या तसे टाक आणि साहेबाची सही घे. काल रात्रीचं अपडेट असं की साहेब दोन दिवस झाले सही करायला टाळतोय.