एक धड की भाराभर चिंध्या?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी भाच्याचा फोन येतो. 'काका, मी स्पेशलिस्ट होऊ की जनरलिस्ट?' आयटीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच, असा घरच्यांचा समज आहे. (मला प्रिंटर दुरुस्त करता येतो, असाही त्याच घरच्यांचा समज आहे.) प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. सल्ला फुकट आहे, तेव्हा बेतानंच वापरा.

तर माझं स्पष्ट मत असं, की तज्ज्ञच व्हा. एकच तंत्रज्ञान धरा आणि घोरपडीसारखे चिकटून राहा. निवडताना फक्त ते पुढची तीस वर्षं टिकेल ना, एवढं बघून घ्या. मीही असंच नीट बघून फ्लॅश निवडलं होतं, म्हणजे वेबसाइटवर हलती चित्रं आणि गेम बनवायचं ॲडोबीचं सॉफ्टवेअर.

हसू नका. फ्लॅशची प्रोग्रामिंगची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट 3 आली 2006 साली, आणि पुढची दोन-तीन वर्षं मी हिंजवडीतल्या एका कंपनीत अक्षरशः जावयासारखा वावरलो. टाइमलाइनवर नक्की कुठल्या फ्रेमला घोळ आहे, हे पाठीमागे उभं राहून, हातात चहाचा कप धरून सांगायचो. लोक नावानं ओळखत नसत, 'तो फ्लॅशवाला' म्हणत. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नको याची कारणं दिली. बॅटरी खातं, सुरक्षित नाही, बोटानं वापरायच्या पडद्यासाठी ते बनलेलंच नाही. मी कँटीनमध्ये वडापाव खाता खाता म्हणालो, 'फोनवर वेबसाइट बघतंय कोण?' तज्ज्ञाची खूण लक्षात ठेवा. त्याला आपल्या विषयातलं सगळं कळतं, फक्त विषय संपत आलाय तेवढं कळत नाही.

31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीनं फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरनं काही दाखवणंच बंद केलं. गेल्याचा दिवस धरून मोजा, बरोबर तेरावा येतो. कंपनी अमेरिकन, पण रीतभात पाळली.

तुम्ही म्हणाल, तुम्ही घोडा चुकीचा निवडलात. मग बरोबर निवडलेल्याचं ऐका. आमच्याकडे मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या अवाढव्य संगणकांवर, एक गृहस्थ होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. सव्वीस वर्षं त्या संगणकांच्या भाषा, कोबोल आणि जेसीएल, दुसरं काही नाही. कोबोल जन्मली 1959 साली. ती मेली असं मी कॉलेजात असताना ऐकलं होतं, त्याच्या आधीच्या बॅचनंही ऐकलं होतं. आणि एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर पत्रकारांसमोर उभे राहून 'कोबोल येणारे स्वयंसेवक पाहिजेत' असं सांगत होते.

एकदा रात्री अडीच वाजता आमचा बॅच जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारं हिशेबाचं काम, आडवा झाला. एररचा कोड एस-झिरो-सी-सेव्हन. कॉलवर नऊ जण. एक जण दर पाच मिनिटांनी 'रिस्टार्ट करून बघू या का' विचारत होता, एक म्यूटवर जाऊन घोरत होता, दोघं शेअर केलेल्या स्क्रीनकडे देवदर्शनाला आल्यासारखे बघत होते. शेवटी काकांना उठवलं. पलीकडून पंख्याची घरघर आणि मग आवाज, 'फाइल कुठली?' सांगितली. 'पॅक्ड फील्डमध्ये आकड्यांच्या जागी स्पेसेस आल्यात. ज्यांच्याकडून फाइल येते त्या सिस्टिमवाल्यांनी रकान्यांचा लेआउट हलवला असणार. त्यांना विचारा.' विचारलं. हलवला होता. 'मग झोपू का मी?'

चार मिनिटं लागली. सकाळी आभाराची मेल आली, त्यात नऊ नावं होती. काका कॉलच्या निमंत्रणात नव्हते, म्हणून राहून गेले. मार्चमध्ये त्यांच्या अप्रेझलला शेरा पडला: नवीन तंत्रज्ञानाबद्दल उत्सुकता दिसत नाही. त्यांना क्लाउडच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्यांनी बरीच वर्षं चहाचा कप ठेवला.

गावगाड्यातल्या बलुतेदारीचं कौतुक करायचं कारण नाही, पण सुगीला खळ्यावर बलुतं न्यायला आलेल्या सुताराला 'यंदा नांगर बरे केलेस, पण मडकी घडवण्यात पुढाकार दिसला नाही' असं कुठल्या पाटलानं सुनावल्याचं ऐकिवात नाही. ही प्रगती आपल्याच काळातली.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की तज्ज्ञ अजिबात होऊ नका. हरहुन्नरी व्हा. फ्लॅशचं तेरावं उरकायच्या कितीतरी आधीच मी झालो होतो. जाहिरातीत याला 'फुल स्टॅक' म्हणतात. रिॲक्ट हवं, नोड हवं, पायथन, डॉकर, कुबरनेटीस हवं, थोडंफार मशीन लर्निंग असल्यास प्राधान्य, आणि पगार एकाचा. आचारी, वाढपी आणि खरकटं काढणारा एकच माणूस, आणि वर पंगतीत आग्रहही त्यानंच करायचा.

अनुभवाच्या वर्षांना घाबरू नका. फास्टएपीआय नावाची पायथन भाषेतली एक चौकट (फ्रेमवर्क) आहे. ती सेबास्टियन रामिरेझ यांनी बनवली. 2020 मध्ये त्यांना एक जाहिरात दिसली, फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव पाहिजे. चौकट जन्मून तोवर दीडच वर्ष झालं होतं. खुद्द बापाचाच अनुभव अडीच वर्षं कमी पडला, तिथं तुमची काय कथा? बिनधास्त लिहा. ज्याचं ट्यूटोरियल उघडून बंद केलंत तेही 'एक्स्पोजर' या सदरात बसतं.

हरहुन्नरी माणसाचा दिवस मजेत जातो. सकाळी बटण दोन पिक्सेल डावीकडे. अकराला डेटाबेसची एक क्वेरी चाळीस सेकंद घेते म्हणून बोंब, तर डेटाच्या टेबलावर इंडेक्सच नाही. दुपारी वेबसाइट बंद, कारण एसएसएल सर्टिफिकेटची, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या दाखल्याची, मुदत संपलीय. ते कुणाकडे होतं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे आजपासून ते तुमच्याकडे. संध्याकाळी साहेबांच्या स्लाइड्स. आणि जाता जाता, 'अरे, तो प्रिंटर...'

(घरच्यांचा समज अगदीच चुकीचा नव्हता म्हणा.)

मग मार्च येतो. काचेच्या केबिनमध्ये एसी सोळावर, टेबलावर दोघांत एक पाण्याची बाटली. 'तू सगळं करतोस रे, टीमला तुझा आधार आहे. पण तुझं असं काय आहे? डेप्थ दिसत नाही.' अशा वेळी वाद घालू नये. उजवीकडे मान हलवावी आणि 'पॉइंट घेतला' म्हणावं. काका शेजारच्याच केबिनमध्ये बसलेले असतात, तिथं ब्रेड्थ दिसत नसते. दोघांना रेटिंग तेच, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. बेल कर्व्हला, म्हणजे रेटिंग वाटायच्या घंटेसारख्या आलेखाला, मधे पोट लागतं, आणि त्या पोटात तुम्ही खोलवर गेलात काय किंवा आडवे पसरलात काय, जागा तेवढीच.

शहाण्या लोकांनी यावर तोडगाही काढलाय. इंग्रजी टी अक्षरासारखे व्हा म्हणतात. आडवी दांडी सगळ्यातलं थोडं थोडं, उभी दांडी एकातलं खोल. मध्यंतरी एका ट्रेनरबाईंनी सांगितलं, टी जुना झाला, आता गणितातल्या पाय (π) चिन्हासारखं व्हायचं, उभ्या दांड्या दोन. त्याच्याही पुढे गेलेले कंगव्यासारखे व्हा सांगतात. माझ्या डोक्यावरची परिस्थिती बघता कंगवा होण्याची वेळ टळून गेली आहे, पण भाच्यांनी जरूर विचार करावा.

असो. मी काय झालो ते सांगतो. गेल्या वर्षी प्रोजेक्ट संपला आणि मी बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत रिकामा, आलो. रिसोर्स मॅनेजरच्या एक्सेलमध्ये 'प्रायमरी स्किल' नावाचा रकाना असतो, त्यात ड्रॉपडाउन. लिहायची सोय नाही, निवडायचं, तेही एकच. मी यादी खालीवर केली. गेली दहा वर्षं जे जे करत होतो, ते त्यात नव्हतंच. 'अदर्स' होतं. आणि ॲडोबी फ्लॅश होतं, कुणी काढायचं राहून गेलेलं.

निवडलं. थोडी चेष्टा म्हणून, थोडं जुनं माणूस भेटल्यासारखं वाटलं म्हणून.

दहाव्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन. एका क्लायंटकडे कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगची जुनी मॉड्यूल्स पडून आहेत, सगळी फ्लॅशमधली, ती एचटीएमएलमध्ये आणायचीत. सोर्स फाइल वाचू शकणारा माणूस सापडत नाहीये. 'सर, तुम्ही तर एक्स्पर्ट दिसताय! लगेच प्रोफाइल पाठवते.' मी म्हटलं, पाठवा.

संध्याकाळी पुन्हा फोन. क्लायंटला प्रोफाइल पसंत आहे, म्हणाल्या, एकच शंका आहे. 'सर, 2020 नंतर तुमचा फ्लॅशमध्ये गॅप दिसतोय. तो कशामुळे?'