‘कामाला लावा, दुखणं विसरेल’: स्वादुपिंडाच्या फॉरवर्डला उत्तर

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वादुपिंडाच्या, म्हणजे पाचकरस आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पोटातल्या ग्रंथीच्या, आजाराबद्दल एक सल्ला फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘स्वादुपिंडाची जुनी सूज म्हणजे दारूची देणगी. रिपोर्ट नॉर्मल आले तर दुखणं मनाचं. नोकरी सुटलेल्या माणसाला घरी बसू देऊ नका, रिकामं डोकं दुखणं वाढवतं. पेजेवर ठेवा. त्याच्यापुढे पैशाचा विषय नको, मुलांना तर काहीच सांगू नका. घरातल्यांनी हसतमुख राहावं; सहा महिन्यांत माणूस उभा राहतो.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने घरातलं कुणी ना कुणी एकटं पडतं. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘दारूची देणगी’

दारू हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. सिगारेट-विडीचा धोका वेगळा मोजावा लागतो. दारू न पिणाऱ्यालाही तो असतो. शिवाय जनुकांतले दोष, रक्तात फार वाढलेले ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार), कॅल्शियम वाढवणारे ग्रंथींचे विकार ही कारणंही आहेत. भारतात, विशेषतः दक्षिणेकडे, दारूला कधी न शिवलेल्या तरुण मुलांच्या स्वादुपिंडात खडे सापडतात. पुष्कळदा सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. आपल्याकडे मात्र पोटाचं नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, ‘फेणी किती घ्यायचा?’ या प्रश्नाला घरातल्या सगळ्यांनी एकच आखूड उत्तर ठरवून ठेवावं: ‘स्वादुपिंडाचा आजार आहे, उपचार चालू आहेत.’ पुढचा तपशील देणं कुणावर बंधनकारक नाही.

आणि कारण दारूच असेल तर? तरीही रोजच्या बोलण्यातून हिशेब चुकता करू नये. टोमणे वाढले की माणूस लपून पितो, आणि लपून पिणाऱ्याला पोटदुखीचा पुढचा झटका येतो तेव्हा तो घरी उशिरा सांगतो. दारू आणि तंबाखू दोन्ही सोडायला मदत लागतेच. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत (आयपीएचबी) व्यसनावर उपचार होतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं हे जिवावर बेतू शकतं.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं’

घरं मोडतात ती या वाक्याने. जुन्या सुजेत स्वादुपिंडाचा बराचसा भाग तंतुमय झालेला असतो. एन्झाइम, म्हणजे अन्न पचवणारे घटक, बनवणाऱ्या पेशीच कमी उरलेल्या असतात, त्यामुळे दुखत असतानाही रक्तातली अमायलेज आणि लायपेज ही एन्झाइम नॉर्मल येऊ शकतात. सीटी स्कॅनमधले खडे आणि दुखण्याची तीव्रता यांचाही मेळ बसतोच असं नाही. स्वादुपिंडाभोवतीच्या नसा सुजतात, पुढे मेंदू आणि मज्जारज्जूही दुखण्याचे इशारे मोठे करून घेऊ लागतात. म्हणूनच साध्या वेदनाशामकांबरोबर प्रेगाबालिनसारखं नसांचं औषध दिलं जातं. ते दिलं म्हणजे डॉक्टरांनी ‘मनाचं’ ठरवलं, असा अर्थ काढू नये.

घरात ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला की दोघंही थकतात. त्यापेक्षा आकडा ठरवा, 0 ते 10. नुसता आकडा पुरत नाही. प्रत्येक आकड्याला काय करायचं ते कागदावर लिहून फ्रिजला लावा. उदाहरणार्थ, 3 पर्यंत नेहमीचा दिवस. 4 ते 6 असेल तर ठरलेली गोळी, टीव्हीचा आवाज बारीक, पाहुण्यांना फोनवरच नकार. 7 च्या पुढे गेला तर एकाने जवळ बसायचं, दुसऱ्याने मुलांना शेजारच्या काकूंकडे न्यायचं. पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसल्याने पुष्कळांना बरं वाटतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून 15–20 मिनिटं, मग बाजूला. तासन्‌तास पोटाला लावून ठेवली तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. जुन्या रुग्णांच्या पोटावर ते दिसतात.

कागदाच्या तळाशी लाल शाईने लिहा: पाणीही न टिकणारी उलटी, ताप, डोळे पिवळे होणं, काळा शौच, किंवा नेहमीपेक्षा वेगळं आणि न थांबणारं दुखणं, यांपैकी काहीही झालं तर आकडा न विचारता 108 ला फोन करून रुग्णवाहिका. ट्रमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक गोळी मनाने वाढवू नये आणि एकदम थांबवूही नये.

‘घरी बसू देऊ नका’

या वाक्यात अर्धं खरं आहे. काम गेलं की पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो, आणि पडून राहिल्याने मन खचतं. पण उपाय म्हणून माणसाला पुन्हा बारा तासांच्या टॅक्सीवर किंवा हॉटेलच्या रात्रपाळीवर ढकललं तर जेवणाच्या वेळा चुकतात, झटका येतो, आणि ‘मला आता काहीच जमत नाही’ हे त्याला नव्याने पटतं.

यावर गोव्यातच तपासून पाहिलेली पद्धत आहे. ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी 6 ते 8 बैठकांचं समुपदेशन करून पाहिलं, ते देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे चांगले निष्कर्ष छापून आले. गाभा सोपा: मूड सुधारायची वाट न पाहता छोटं, ठरलेलं काम करायचं. घरी ते असं होईल: पहिल्या आठवड्यात सकाळी 15 मिनिटं आणि संध्याकाळी 15 मिनिटं. विजेचं बिल भरणं, गॅरेजला फोन, मुलाची वही तपासणं. चांगल्या दिवशी चारपट करायचं नाही, वाईट दिवशी शून्यावर यायचं नाही. चांगल्या दिवशी सगळी थकबाकी उरकायला जाणारे दुसऱ्या दिवशी आडवे होतात. हे इतकं नेमाने घडतं की याकडेच सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं.

कामावर परतायचं ठरलं तर मालकाकडे मोघम ‘हलकं काम’ मागू नका. जेवणाची ठरलेली वेळ, जवळ शौचालय, दिवसपाळी, सुरुवातीला अर्धा दिवस असं नेमकं मागा. स्वादुपिंडामुळे मधुमेह झाला असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर चाकामागे बसण्याआधी साखर तपासावीच. या मधुमेहात इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही कमी पडतं, त्यामुळे साखर झपाट्याने घसरते. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि साखर वर येऊन स्थिरावेपर्यंत गाडी नाही.

‘पेजेवर ठेवा’

झटक्याचे दिवस सोडले तर नुसत्या पेजेने माणूस वाळतो. मळ तेलकट असेल, तरंगत असेल, पाण्याने हटत नसेल तर अन्नातली चरबी पचत नाही आहे. त्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल असतात: मुख्य जेवणाला साधारण 40,000 ते 50,000 युनिट लायपेज, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. जेवण संपून बराच वेळ झाल्यावर घेतली तर उपयोग कमी. पहिल्या घासाला एक, बाकीची जेवणाच्या मध्ये. चावायची नाही. चवथीला नेवऱ्या (करंज्या) ताटात आल्या तर सगळ्यांदेखत ‘तुला नाही हं’ म्हणण्यापेक्षा एक वाढा आणि कॅप्सूल आठवणीने पुढे ठेवा.

‘पैशाचा विषय नको’

आजारी माणूस रात्री छताकडे बघत हिशेब करतच असतो, फक्त एकट्याने आणि चुकीच्या आकड्यांवर. रविवारी 20 मिनिटं, दुखणं कमी असतं त्या वेळी, एका वहीत तीन रकाने: या महिन्याचं अटळ, पुढे ढकलता येईल असं, आणि मागता येईल असं.

तिसऱ्या रकान्यात सुरुवात इथून करा. राजीनामा घाईने लिहून देऊ नका. रजेचा अर्ज आणि वैद्यकीय दाखला आधी. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापली जात असेल आणि अटी पुऱ्या होत असतील, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मागाहून गोळा करताना नाकी नऊ येतात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे आरोग्य विम्याचं, कार्ड चालू आहे का ते दुखत नसताना बघा: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. ते यादीतल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या कॅप्सूलचा खर्च त्यात धरू नका. महागड्या पाकिटांसाठी नातेवाइकांकडून उसने घेण्याआधी गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत विचारा.

‘मुलांना सांगू नका’

मुलांना कळतंच, आणि न सांगितलेल्या जागी ती स्वतःची कल्पना भरतात: ‘मी दंगा केला म्हणून बाबा आजारी पडले.’ सहा वर्षांच्या मुलाला तीन वाक्यं पुरतात. बाबांच्या पोटात एक अवयव दुखतो. तो तुझ्यामुळे दुखत नाही. दुखेल तेव्हा आई किंवा आजी तुझ्याजवळ असेल. थोरल्या मुलीला तपशील सांगावा, पण तिला घरातली नर्स बनवू नये.

‘हसतमुख राहावं, सहा महिन्यांत उभा राहतो’

झालेली हानी भरून येत नाही. झटके कमी होतात, दुखणं आटोक्यात येतं, पण सहा महिन्यांची तारीख दिली की सातव्या महिन्यात सगळ्यांना हरल्यासारखं वाटतं. आणि सदा हसतमुख घरात आजाऱ्याला ‘मला आता नको झालंय’ म्हणायला जागा उरत नाही. ते वाक्य कानावर आलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हटलं तर गोळ्यांचा साठा कुलपात, दोन-दोन दिवसांच्याच बाहेर. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी आयपीएचबी गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस, मोफत चालतो.

तो नंबर आजाऱ्याला सांभाळणाऱ्या बायकोसाठीही आहे. तिला आठवड्यातून ठरलेले तीन तास सुट्टी हवी, आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या दिराने वार आणि वेळ स्वतः सांगावी: ‘गुरुवारी चार ते सात मी बसतो.’ त्या तीन तासांत तिने औषधाच्या दुकानात जायचं नाही.