शाळेपर्यंतचं चालणं ‘व्यायामात धरत नाहीत’ म्हणे!

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. मुलं शाळेत चालत किंवा सायकलने गेली तर त्याला व्यायाम म्हणत नाहीत, ती नुसती दमतात, वर धूर खातात. त्यापेक्षा व्हॅन लावा आणि वाचलेल्या वेळात संध्याकाळी एखाद्या क्लबात घाला, असा एकूण सूर. छान नंबर घालून लिहिलेलं असतं, म्हणून पटतं. तेव्हा त्याच क्रमाने बघू.

‘पंधरा मिनिटं चालून काय होतंय?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. मध्यम म्हणजे श्वास थोडा वाढतो, पण बोलता येतं. घंटा व्हायला थोडीच मिनिटं उरली असताना आठवीतला मुलगा ज्या चालीने सुटतो, ती यात आरामात बसते. शाळा सव्वा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन अर्धा तास, म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. येताना मित्रांबरोबर रेंगाळत आला तर वीस मिनिटं धरा, भांडण नाही. तुकड्यातुकड्याने केलेलं चालणं मोजत नाहीत, हेही जुनं झालं. मोठ्यांसाठी पूर्वी सलग किमान 10 मिनिटांची अट होती. तीसुद्धा 2020 मध्ये काढून टाकली.

‘सकाळी दमलेलं मूल संध्याकाळी खेळत नाही, शेवटी हिशेब तोच.’ या मजकुरातला विचार करण्यासारखा मुद्दा हाच. पण तो तपासून झाला आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोमध्ये 13-14 वर्षांच्या 92 मुलामुलींच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र आठवडाभर बांधून ठेवलं होतं. 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले. शाळेत चालत जाणारी-येणारी मुलं गाडीने जाणाऱ्यांपेक्षा दिवसभरात जास्त हालचाल करत होती. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात 9 आणि 15 वर्षांच्या आसपासच्या मुलांची तंदुरुस्ती तपासली, तेव्हा सायकलवाली मुलं सर्वात तंदुरुस्त अशा पाव हिश्शात असण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. नुसतं चालणाऱ्यांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. मुळात चपळ असलेली मुलंच सायकल काढत असतील, ही शंका रास्त आहे. अशा पाहण्यांतून कारण सिद्ध होत नाही. पण ‘हिशेब तोच’ म्हणणाऱ्याचा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘वाचलेल्या वेळात नीट व्यायाम होईल.’ कधी? नववी-दहावीचं वेळापत्रक या लेखकाने पाहिलेलं दिसत नाही. शाळा, मग क्लास, मग गृहपाठ, आणि खेळाचा तास गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला. शाळेत जाणाऱ्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी जगभरात 81 टक्के आणि भारतात सुमारे 74 टक्के मुलांना दिवसाला तासभर हालचाल मिळत नाही, असा 2016 सालचा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात 2019 मध्ये आला होता. क्लबाची फी भरली तरी परीक्षा आली की सर्वात आधी बुडतो तो क्लबच. शाळेची वाट बुडत नाही, कारण हजेरी लागते. माझ्या मते सगळा वाद इथेच संपतो: तुलना रोज घडणाऱ्या अर्ध्या तासाची आणि बहुतेक घरांत न घडणाऱ्या एका तासाची आहे.

धुराचं म्हणाल तर तो खोटा नाही. पण व्हॅनच्या खिडकीतून तीच हवा आत येते. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एक गणित मांडलं: हवेत सूक्ष्म कण (पीएम 2.5) घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे बऱ्यापैकी वाईट असतानाही सायकलचा तोटा फायद्यावर मात करतो तो रोज दीड तासाच्या पुढे. चालण्याला ही मर्यादा दहा तासांहून जास्त. गणित मोठ्या माणसांचं आहे, त्यामुळे दमा असलेल्या मुलाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. बाकीच्यांनी हमरस्ता टाळून आतली गल्ली धरावी.

‘वजन उतरत नाही.’ बरोबर, वजनाबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. कुणी तसं वचन दिलंही नव्हतं.

मजकुरातली जड दप्तराची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. केंद्राच्या 2020 च्या धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. 45 किलोच्या मुलीला साडेचार किलो. एकदा काट्यावर ठेवून बघा आणि मग शाळेशी भांडा. चालण्याचा त्यात दोष नाही.

उरला रस्ता. फूटपाथवर गाड्या लावलेल्या, चौकात सिग्नल बंद, वळणावर टँकर. एकट्या मुलाला तिथे सायकलवर सोडायला जीव धजत नसेल तर त्या आईला कुणी नावं ठेवू नयेत. अशा ठिकाणी चार-पाच मुलांनी मिळून निघावं, किंवा व्हॅनवाल्या काकांना शाळेच्या अलीकडे, धोक्याचा चौक ओलांडल्यावर उतरवायला सांगावं. पण रस्ता सायकलला धोक्याचा म्हणणारी काही घरं दहावीतल्या मुलाला क्लाससाठी स्कूटरची किल्ली देतात, ते कसं? मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेल्या कलम 199 ‘अ’ नुसार अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या जूनमध्ये मजकूर फिरवणाऱ्यांनी हाही मुद्दा त्यात घालावा.