पाहुण्यांसमोर नको

गेले तीन आठवडे मुलाच्या खोलीतून अथेन्स ऐकू येतंय. तो 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' खेळतोय. गेम २०१८चा, म्हणजे त्याच्या हिशेबाने पुराणकाळातला, पण सेलमध्ये स्वस्त मिळाला. मी कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने त्याच्या पलंगावर बसते आणि बघते. कसँड्रा नावाची भाडोत्री लढवय्यी अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या घरी मेजवानीला जाते. तिथे शोकांतिका लिहिणारा युरिपिडीस तोंड उघडत नाही आणि त्याच्या वतीने एक तरुण नाटककार बडबडतो. हा ॲरिस्टोफेनीस. पुढे पेरिक्लीस मरतो, शहर क्लेऑन नावाच्या दुसऱ्या पुढाऱ्याच्या हातात जातं, आणि त्याची खिल्ली उडवणारं नाटक उभं राहावं म्हणून आपण या नाटककारासाठी धावपळ करायची. लेखकाच्या मदतीला तलवार! मी मूळची सांगलीची. नाटकवेड्या गावातून आलेय, पण नाटककाराचं एवढं भाग्य मी तिथेही पाहिलं नाही.

"आई, हा खरंच असा होता का?" मुलाने विचारलं. "होता, पण इतका गोड नव्हता," म्हटलं. गेममध्ये तो युरिपिडीसचा जिवलग दिसतो. खऱ्या ॲरिस्टोफेनीसने त्याच युरिपिडीसची आयुष्यभर रेवडी उडवली. सॉक्रेटिसला तर एका नाटकात टोपलीत बसवून हवेत टांगलं. बंडखोर म्हटला की तो आपल्याच बाजूचा असणार, हा गेमवाल्यांचा भाबडेपणा. तो आपल्याकडेही आहेच.

त्याच्या बंडातली खरी गंमत गेममध्ये मला दिसली नाही. ती मला म्युनिकमध्ये बसून फार जवळची वाटते. इसवी सनपूर्व ४२६मध्ये त्याचं एक नाटक झालं. ते आता हरवलंय. वय असेल विशीच्या आसपास. प्रयोग झाला वसंतातल्या मोठ्या डायोनिसिया उत्सवात, म्हणजे मित्रराज्यांचे लोक अथेन्सला खंडणी घेऊन येतात त्या दिवसांत. क्लेऑनने तक्रार केली. ती 'माझी टिंगल केली' अशी नव्हती. 'परक्यांसमोर आपल्या शहराची बदनामी केली' अशी होती.

पुढच्या वर्षी पठ्ठ्याने दुसरं नाटक आणलं, या वेळी हिवाळ्यातल्या लेनाया उत्सवात. त्यातला नायक प्रेक्षकांना थेट सांगतो : आता क्लेऑन मला काही म्हणू शकत नाही. आज आपण घरचेच आहोत, परके अजून आलेले नाहीत. आपण सगळे चाळून घेतलेलं धान्य आहोत. आणि जाता जाता एक वाक्य टाकतो, की परदेशी रहिवासी म्हणजे नागरिकांमधला कोंडा.

हे परदेशी रहिवासी म्हणजे मेटिक. शहरात राहायचं, कामधंदा करायचा, पुरुषाने वर्षाला बारा द्राख्मा कर भरायचा, वेळ आली तर लढाईलाही जायचं, पण मत द्यायचं नाही. मी इथे चौदा वर्षं आहे. कर भरते, कचरा पाच डब्यांत वेगळा करते, मत देत नाही. म्हणजे कोंडाच. आणि तिकडे सांगलीत?

तिकडचं उत्तर आमच्या घरच्या ग्रुपवर मिळालं. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवरचा एक प्रयोग उधळला गेला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. मी ती बातमी टाकून दोन ओळी लिहिल्या. दादाचं उत्तर आलं : "तू तिकडे बसून बोलू नकोस गं. इथे राहून बोल." पुढच्या वर्षी मार्चमध्ये उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या एका स्टुडिओची मोडतोड झाली, तेव्हा मी काही लिहिलंच नाही. दादानेच लिहिलं, आणि माझ्यापेक्षा कडक लिहिलं. म्हणजे आमचं मत एकच होतं. अडचण मी कुठून बोलते याचीच होती.

दादाचं म्हणणं मी सहज झटकून टाकत नाही. माझ्या दारात कोणी खुर्च्या तोडायला येणार नाही. ॲरिस्टोफेनीस बोलला तो त्याच शहरात राहून. क्लेऑनची खिल्ली उडवणारं त्याचं पुढचं नाटक ४२४मध्ये आलं. मुखवटे बनवणाऱ्यांनी भीतीपोटी त्या चेहऱ्याचा मुखवटाच बनवला नाही, असं नाटकातलंच एक पात्र सांगतं. आदल्याच वर्षीच्या विजयामुळे क्लेऑनला पहिल्या रांगेत बसायचा मान मिळालेला. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि थोड्याच आठवड्यांत त्याच अथेन्सकरांनी क्लेऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं! पोटभर हसले आणि मत मात्र त्यालाच टाकून आले. गेममध्ये क्लेऑनचा हिशेब ॲम्फिपोलिसला आपल्याच हातून चुकता होतो, कारण खेळणाऱ्याला शेवट लागतो. खरा क्लेऑनही ४२२मध्ये तिथेच पडला, पण स्पार्टाशी लढताना.

इथल्या मंडळींना मात्र हे सगळं ऐकवलं की ठरलेलं वाक्य येतं : "जर्मनीत बघा, केवढी मोकळीक!" आहे खरी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत म्युनिकला नोकहेरबर्ग या टेकडीवर कडक बिअरचं पिंप फोडतात. त्या वेळी एक वक्ता समोर बसलेल्या पुढाऱ्यांना तासभर सोलून काढतो, टीव्हीवर थेट. प्रत्येक टोल्याला कॅमेरा त्या-त्या चेहऱ्यावर जातो आणि चेहरा हसतो, हसावंच लागतं. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, ज्याचं नाव येत नाही तो खरा नाराज होऊन घरी जातो. पण याच देशात २०१६मध्ये यान बोमरमान या विनोदवीराने तुर्कस्तानच्या अध्यक्षांवर टीव्हीवर एक शिवराळ कविता वाचली, तेव्हा परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाचं जुनं कलम बाहेर आलं आणि मर्केलबाईंनी खटल्याला परवानगी दिली. चौकशी पुढे बंद झाली आणि १ जानेवारी २०१८पासून ते कलमही गेलं. तरी हॅम्बुर्गच्या कोर्टाने त्या कवितेच्या बऱ्याचशा ओळी पुन्हा म्हणायला मनाई केलीच. आणि नोकहेरबर्ग बघताना मी एवढी मोकळी हसते ती धीट आहे म्हणून नाही. तिथे माझं काही जळत नाही म्हणून.

माझं जळतं ते आमच्या इथल्या मराठी मंडळात. गेल्या गणपतीला मी वीस मिनिटांचं प्रहसन लिहिलं. त्यात खड्ड्यांचा प्रवेश होता : मंत्री खड्ड्याचं उद्घाटन करायला येतात आणि फीत कापता कापता आत पडतात. तालमीत पोरं हसून आडवी व्हायची. प्रयोगाच्या चार दिवस आधी कार्यकारिणीतल्या काकांचा फोन आला. "अगं, महापालिकेतल्या बाई येणार आहेत. तेवढे खड्डे काढ. बाहेरच्यांसमोर कशाला आपली लक्तरं?" आणि मी काढले. पाहुण्या आल्या, मोदक खाल्ला, फोटो काढून घेतला आणि प्रहसन सुरू व्हायच्या आत निघून गेल्या. थांबल्या असत्या तरी काय बिघडत होतं? सगळं मराठीत होतं.

काकांना तरी काय बोलू? १९८०मध्ये 'घाशीराम कोतवाल' युरोपात बर्लिनला निघालं तेव्हा हेच झालं होतं. पुण्यात १९७२ला पहिला प्रयोग झाल्यापासून वाद होताच, पण परदेश म्हटल्यावर तो नव्याने पेटला : नाना फडणवीसांची बदनामी, आणि तीही गोऱ्यांपुढे! प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी प्रयोगाआधी खुलासा वाचण्याच्या अटीवर मंडळी गेली. घरात वर्षानुवर्षं चाललेलं नाटक विमानात चढलं की बदनामी होतं. मला यात अब्रूपेक्षा न्यूनगंड जास्त दिसतो. ज्यांचं मत आपण एरवी विचारत नाही त्यांच्यासमोरच आपल्याला इस्त्रीचे कपडे हवे असतात. आणि ही इस्त्री परदेशात राहणारे आपण गाववाल्यांपेक्षा कडक मारतो. सांगलीत खड्ड्यांवर कोणीही हसतं. हसायची बंदी आली ती म्युनिकच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आणि ती मी मुकाट्याने पाळली.

मुलाला कोंड्याचं सांगितलं तेव्हा तो स्वयंपाकघरात आला होता. इथे साध्या मैदावजा पिठाच्या पुडीवर ४०५ लिहिलेलं असतं. त्याच्या पोळ्या पांढऱ्याशुभ्र होतात आणि गार झाल्या की चामड्यासारख्या ताणतात. म्हणून मी त्यात कोंड्यासकट दळलेलं पीठ मिसळते. "म्हणजे कोंडा लागतो तर," तो म्हणाला, आणि पोळी गुंडाळून पुन्हा अथेन्सला गेला.

यंदाच्या गणपतीसाठी काकांचा मेसेज आलाय, "काहीतरी हलकंफुलकं लिही." मी मागच्या वर्षीचंच प्रहसन पाठवलं, खड्ड्यांसकट. सोबत प्रवेशाचा एका पानाचा जर्मन सारांशही जोडला, पाहुण्यांना समजावा म्हणून. परवापासून दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.