साखळीतील सर्वांना शाश्वत कसे करावे

आपण एखाद्या नामांकित कापड कंपनीचे खरेदीप्रमुख असाल आणि वार्षिक अहवालातील शाश्वततेचे प्रकरण यंदा तरी भरगच्च दिसावे अशी आपली इच्छा असेल, तर जळगावचे तिकीट काढावे. शेतकरी, गावात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी, कापसातील सरकी काढून रुई वेगळी करणारा जिनिंगवाला आणि सूतगिरणी, अशी अख्खी साखळी ‘मिळून शिकण्यासाठी’ एका सभागृहात बसवावी. मिळून शिकणे म्हणजे आपण बोलायचे आणि इतरांनी वहीत उतरवून घ्यायचे, एवढे सुरुवातीलाच स्पष्ट केले की पुढचे सोपे जाते. बैठक शक्यतो नोव्हेंबरात ठेवावी. वेचणी ऐन भरात असल्याने शेतकरी फारसे फिरकत नाहीत आणि चर्चा लांबत नाही.

पहिला धडा स्वच्छ कापसाचा. प्लास्टिकच्या गोणीचे धागे कापसात गेले, तर ते जिनिंगमध्ये तुटून रुईत मिसळतात, सुतातून कापडात उतरतात आणि रंग धरत नसल्यामुळे रंगवलेल्या कापडावर उठून दिसतात. हे शास्त्र खरे आहे आणि ते अवश्य शिकवावे. सुती झोळीतच वेचा, डोक्याला फडके बांधा, दव सुकल्याशिवाय शेतात उतरू नका, असे वेचणीच्या बायांना बजावावे. त्यांची मजुरी किलोवर असते, थांबल्यास दिवसाची वेचणी कमी भरते आणि ओला कापूस काट्यावर जड उतरतो, हा हिशेब वहीत घेऊ नये. सुती झोळ्यांचे पैसे कोणी द्यायचे, असे एखाद्याने विचारलेच, तर ताबडतोब चहा मागवावा.

भावाचा विषय तर काढूच नये. जपून वेचलेला कापूस आणि गोणीत कोंबलेला कापूस व्यापाऱ्याच्या एकाच ढिगात पडतो आणि दोन्हींना सारखाच कडता, म्हणजे वजनातली कपात, लागतो. समतेचे इतके निर्मळ उदाहरण आपल्याला इतरत्र सहसा सापडणार नाही.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, जाळू नका, कुट्टी करून जमिनीत गाडा, हेही सांगून टाकावे. ट्रॅक्टरचे भाडे ज्याचे त्याने पाहावे.

जिनिंगवाल्याला छतावर सौर पॅनेल बसवण्याचा आग्रह धरावा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या पुढे नेऊ नये, असा २००६ चा कायदा आहे. मात्र सूतगिरणीचे पैसे आपण अडवायचे, सूतगिरणीने जिनिंगवाल्याचे, आणि त्याने पॅनेलसाठी व्याजाने पैसे उचलायचे, ही साखळी अहवालात दाखवण्याची प्रथा नाही. शिवाय प्रत्येक खरेदीदाराने आपली प्रश्नावली वेगळी ठेवावी. एकाला भरून दिलेली माहिती दुसऱ्याला चालली, तर जिनिंगवाल्याचा अभ्यास कच्चा राहील.

राहता राहिला शेतकरी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. तथापि २०२५ च्या सुधारणेनुसार, कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत ज्याचा एकट्याचा वाटा किमान २ टक्के आहे, तोच मूल्यसाखळीतील भागीदार धरला जातो. रुईच्या १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल सरकीसकट कापूस लागतो. तेव्हा पारोळ्याच्या पाच एकरवाल्याचे वर्षाचे पीक आपल्या खरेदीत किती शून्यांनंतर दिसेल, हे मोजत बसू नये. भागीदारांच्या यादीत तो बसत नाही. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी मात्र टक्क्यांची अट नसल्याने कापसाच्या ढिगाशेजारी त्याला उभे करून फोटो खुशाल छापावा.