पातेल्यातलं अ‍ॅडमिशन

परवाच्या रविवारी सकाळी अकरा वीसपासून बाराला पाच कमी असेपर्यंत माझ्या लेकीला सांगलीतल्या एका चांगल्या शाळेत पहिलीला अ‍ॅडमिशन मिळालेलं होतं. पस्तीस मिनिटं. मग ते गेलं. कसं गेलं ते मी घरी चार वेळा आणि ऑफिसात दोन वेळा सांगून झालंय, कुणालाच पटत नाही, सगळे म्हणतात चिठ्ठी निघाली म्हणजे निघाली, परत कशी काय आत टाकली. मी पण तेच म्हणत होतो ओ.

शाळेचं नाव घेत नाही. अजून वेटिंगवर आहोत आम्ही.

तर भानगड अशी, की पहिलीच्या जागा एकशेवीस. त्यातल्या ऐंशी त्याच संस्थेच्या बालवाडीतनं वर येणाऱ्या पोरांच्या, त्यांना अर्ज नाही सोडत नाही काही नाही, सरळ आत. राहिल्या चाळीस. आणि आमच्यासारखे बाहेरचे अर्ज आले दोनशे चौदा. म्हणजे ज्यानं पोर तीन वर्षांचं असताना बालवाडीच्या दारात रांग लावली तो शहाणा, आणि पोरगी सहा वर्षांची झाली, पहिलीत जायचं वय झालं, चला आता पहिलीचा फॉर्म भरूया म्हणणारा मी बावळट. बायकोनं हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ती हेही रोज सांगते की तिनं तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आमच्या वेळी अ‍ॅडमिशन म्हणजे उजवा हात डोक्यावरनं घेऊन डावा कान धरायचा, कान हाताला लागला की झाला पहिलीत. जन्मतारीख मास्तर टाकायचे, एक जून. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जूनला असायचा, केक मात्र एकाचाही कापला नाही कधी. आता ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या ताईंचं पोरगं दोन जानेवारीचं, ते मागच्या वर्षी दोन दिवसांनी हुकलं, त्या अजून डॉक्टरला शिव्या घालत होत्या की सिझरच करायचं होतं तर तीन दिवस आधी करायला काय झालं होतं.

बरं, हुशारी दाखवून आत घुसावं तर ते पण बंद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १३ आहे, पोराची किंवा आईबापाची मुलाखत घेऊन निवड करायची नाही, केली तर शाळेला पहिल्यांदा पंचवीस हजारांपर्यंत दंड आणि नंतर दर वेळी पन्नास हजारांपर्यंत. चांगलाच कायदा आहे, मी विरोधात नाही. पण ओवीला मी सहा महिने खपून महाराष्ट्राचे जिल्हे पाठ करून घेतलेत, ते आता कुणाला म्हणून दाखवायचे? राहता राहिली खाजगी शाळांतल्या राखीव पंचवीस टक्के जागांची ऑनलाइन लॉटरी. त्यात दुर्बल गटाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. आम्ही त्याच्या वर, आणि डोनेशन परवडण्याच्या बरेच खाली. म्हणजे मधोमध. मधल्यांसाठी चिठ्ठी.

सोडत शाळेच्या हॉलमध्ये. पंखे सहा, चालू दोन, माणसं पाचशे तरी असतील कारण एका पोरामागं आई, बाप आणि एक आज्जी हा हिशोब. स्टेजवर मोठ्या बाई, एक क्लार्क, फळ्यापाशी एक शिक्षिका, आणि टेबलावर पोषण आहाराच्या खिचडीचं जर्मनचं भलंमोठं पातेलं. चिठ्ठ्या त्यात टाकायच्या होत्या. चिठ्ठ्या काढायला चौथीतला एक मुलगा, डोळ्यांना रुमाल बांधून उभा केलेला, बिचारा अर्धा तास तसाच उभा होता कारण बाईंचं भाषण संपेना.

भाषण संपलं, क्लार्क चिठ्ठ्यांची पिशवी उपडी करणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतनं आवाज आला, "थांबा!"

पांढरा लेंगा, सदरा, टोपी, वय पंच्याहत्तर तरी. उठून स्टेजपाशी गेले.

"पातेलं रिकामं हाय म्हणून कोण सांगितलं?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, रिकामंच आहे."

"मग दावा की."

आता मी इथं काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आजोबा बरोबर बोलतायत, पारदर्शकता पाहिजे." टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. बायकोनं पण बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं जरा कौतुकानं बघितलं. क्लार्कनं पातेलं तिरकं करून सगळ्यांना दाखवलं, लांबनं कुणाला काय दिसतंय, सगळे म्हणाले हां हां रिकामं आहे.

"बगून न्हाई कळत," आजोबा म्हणाले. "हात घालून बगाय लागतंय. हरिपूरला हळदीची पेवं असायची म्हाईत हाय न्हवं? जमिनीत. पेव उघडलं की मानूस लगी आत उतरत न्हाई, आधी कंदील सोडायचा. कंदील इझला की समजायचं आत हवा न्हाई, उतरला की मेला. डोळ्याला काय दिसतंय? भोक दिसतंय."

बाई म्हणाल्या, "आजोबा, हे पातेलं आहे."

"मी बी तेच म्हणतोय."

पुढं कळलं की आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं चाळीस वर्षं दिवाणजी होते आणि त्यातली तीस वर्षं भिशी चालवायचे. हे कळलं म्हणजे त्यांनीच सगळ्या हॉलला सांगितलं. भिशीत चिठ्ठी कशी मारतात त्याचे प्रकार त्यांनी एकेक करून मांडले. एक, पाहिजे ती चिठ्ठी बर्फाच्या लादीवर ठेवायची, काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, गार लागेल ती उचल. दोन, चिठ्ठीच्या कोपऱ्याला कान काढायचा. तीन, एका चिठ्ठीला चार घड्या आणि बाकीच्यांना दोन. "दोन घडीची चिठ्ठी उमलती, उमललेली वर येती, वरची आधी हाताला लागती." मग ते खरंच स्टेजवर चढले आणि मूठमूठभर चिठ्ठ्या गालाला लावून बघायला लागले, गार आहेत का. एप्रिलमध्ये. सांगलीत. तिथं गार काही असतं तर आम्हीच गालाला लावलं असतं.

पण लोक खूश होते. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला पडदा उघडला त्या गावात स्टेजवर माणूस चढला की पब्लिक त्याला उतरवत नाही, बघत बसतं. ते पहिलं नाटकसुद्धा स्वयंवराचंच होतं, पण तिथं उमेदवाराला निदान धनुष्य तरी उचलायचं होतं. इथं उमेदवार घरी कार्टून बघत बसलेले आणि घाम आमचा.

सोडत सुरू झाली. एक, दोन, तीन, नावं फळ्यावर. कुठंतरी कोपऱ्यात किंचाळी, मिठ्या, बाकीचे तोंडं पाडून टाळ्या वाजवतायत. आठ झाल्यावर आजोबा परत उठले.

"पोरगं बुटकं हाय."

"आता काय झालं आजोबा?"

"हात तळाला पोचत न्हाई त्याचा. वरवरच्याच उचलतंय. खालची पोरं काय पाप केल्यात? स्टूल आणा."

आणि स्टूल कुणी आणलं? मी. प्रयोगशाळेतनं. धावत. आजोबांसाठी खुर्ची पण आणली आणि बरोबर आणलेली भडंगाची पुडी त्यांच्या हातात दिली. पोरगं स्टुलावर चढलं, कोपरापर्यंत हात घातला, ढवळलं, आणि नववी चिठ्ठी निघाली, आमची.

मला पुढचं नीट आठवत नाही. बायको रडत होती, मी दोन जानेवारीवाल्या ताईंच्या मिस्टरांना मिठी मारली असं ते म्हणतात. पण एक गोष्ट मी केली ती आठवते कारण तिचे पुरावे आहेत. फॅमिली ग्रुपवर टाकलं, "ओवीचं अ‍ॅडमिशन झालं", पुढं हात जोडलेले, फुलं, फटाके. सासूबाईंना तासगावला फोन झाला. त्यांनी शेजारी पेढे वाटायला घेतले. स्टेटस पण ठेवलं.

मग मी निवांत बसून दहावी, अकरावी, बारावी चिठ्ठी बघत होतो, आणि पहिल्यांदाच मला ती सोडत अगदी स्वच्छ, सुंदर, देवाघरची वाटायला लागली. आजोबा मधूनमधून काहीतरी काढत होते, पेन कुठलं, वही कुणाची. मी म्हणालो, "आजोबा, बसा की आता जरा. भडंग खावा."

एकतीस झाल्या. आजोबा भडंगाची पुडी घडी करून खिशात ठेवत उठले.

"मोजा."

"काय?"

"दोनशे चौदा होत्या. एकतीस काढल्या. आत एकशे त्र्याऐंशी पायजेत. मोजा."

माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. क्लार्कनं मोजल्या. एकशे एक्याऐंशी. परत मोजल्या. एकशे एक्याऐंशी. हॉल शांत. आजोबांनी सदऱ्याची बाही वर सरकवली, पातेल्यात हात घातला, तळावरनं बोटं फिरवली, आणि हळूच सोलून काढल्यासारख्या दोन चिठ्ठ्या वर काढल्या. पिवळ्याधमक. शुक्रवारच्या खिचडीचा थर होता तळाला, त्याला चिकटलेल्या. चाळीस वर्षं हळदीत काढलेल्या माणसाला हळदीनंच हात दिला.

"कंदील इझला," आजोबा म्हणाले.

मग जे झालं ते काय सांगायचं. त्या दोन पोरांचे बाप एकदम उभे, आमच्यावर अन्याय. बरोबरच आहे. मी पण उभा राहिलो, म्हणालो, बाई, चिकटल्या होत्या तरी पातेल्यातच होत्या, बाहेर नव्हत्या, हात लागला असता तर निघाल्या असत्या, आता सोडवल्या तर राहिलेल्या नऊसाठी चालू करा की पुढं. मला हे अजूनही तर्कशुद्ध वाटतं. आजोबा माझ्याकडं वळले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "पावणं, तुमची चिकटली असती तर?"

हॉलभर टाळ्या. ह्याला उत्तर आहे. मला ते रविवारी रात्री दहा वाजता दात घासताना सुचलं. माझी चिकटली असती तर मला कळलंच नसतं! नशिबात नव्हतं म्हणून घरी गेलो असतो, जेवलो असतो, झोपलो असतो. पण बाराला दहा कमी असताना मला हे सुचलं नाही.

बाई घाबरलेल्या, त्यांनी सगळ्यात सोपा मार्ग काढला, हात वर करा. सोडत रद्द करायची का? लोकशाही. एका बाजूला ज्यांची नावं निघाली ते एकतीस आणि दुसऱ्या बाजूला ज्यांची निघाली नाहीत ते एकशे त्र्याऐंशी. घ्या मतदान. दोन जानेवारीवाल्या ताईंनी हात वर करताना माझ्याकडं बघायचं टाळलं. ज्यांच्या गळ्यात मी पडलो होतो त्या मिस्टरांनी तर दोन्ही हात वर केले.

पातेलं घासून आणलं. कोरडं केलं. आजोबांनी आतनं हात फिरवून ओके दिला. नव्यानं चाळीस चिठ्ठ्या निघाल्या आणि ओवीची त्यात नव्हती. वेटिंगच्या वीस काढल्या, त्यात चौदावी. दोन जानेवारीवाल्यांचं पोरगं सहावं आलं, पक्क्या यादीत. मी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "आजोबा, तुमच्या नातवाचा कितवा नंबर आला?"

"नातू? नातू पुण्यात असतोय. बारावीला हाय."

"मग तुम्ही इथं?"

"मी सोडती बगतोय," ते म्हणाले, जसं लोक सांगतात मी सकाळी आमराईत फिरायला जातो तसं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की ते जातात, मंडळाचा लकी ड्रॉ असला की जातात, कुणाची भिशी असली की बोलावतात. ती पंचवीस टक्क्यांची ऑनलाइन लॉटरी मात्र त्यांना अजिबात मंजूर नाही. "कॉम्पुटर रिकामा हाय ह्ये कोण दावतंय का?" आता मला त्या लॉटरीबद्दल जरा माहिती आहे कारण आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याचा फॉर्म २०२४ ला मीच भरून दिला होता, एकदा नाही दोनदा, कारण फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतनं सूट, मग मामला कोर्टात, आणि जुलैत हायकोर्टानं तो बदल रद्द केला तेव्हा पंधरा जूनला उघडलेल्या शाळेत बाकीच्या पोरांची एबीसीडी संपत आली होती. तिथं संगणकानं कुणाचं काय चिकटलं होतं की नव्हतं मला माहीत नाही, पण चिकटवायला संगणकच लागतो असं काही नाही.

आणि खरं सांगू का, राग आजोबांवर नाहीच धड. त्या शाळेच्या मागच्याच गल्लीत महापालिकेची शाळा आहे. तिथं सोडत नाही, वेटिंग नाही, बाई स्वतः दारोदार फिरतात पोरं द्या म्हणून, गेल्या महिन्यात आमच्या दारात पण आल्या होत्या. मी पाणी दिलं, चहा दिला, पोरगी दिली नाही. मी स्वतः तसल्याच शाळेत शिकलो, एक जूनवाला. माझं काय वाईट झालं? पण ते मी बोलून दाखवलं की बायको म्हणते मग घाल तिथंच, आणि मी विषय बदलतो. दोनशे चौदा घरं एका पातेल्यात नाक खुपसून बसलेली आणि शंभर पावलांवर बाकं रिकामी, आणि तरी आम्ही भांडतोय कशावर, तर चिठ्ठीच्या घडीवर.

ग्रुपवर अजून अभिनंदन येतंय. दुबईच्या चुलतभावाचं तर मंगळवारी आलं. सासूबाई पेढ्यांबद्दल काही बोलत नाहीत, पण त्यांनी ते शेजारणीकडनं परत मागितले नाहीत एवढंच.

गेटपाशी आजोबा भेटले. पाठीवर हात ठेवला. "पयल्यांदा नववी आलती न्हवं तुमची? माज्या ध्यानात हाय. त्यी स्टुलामुळं निघाली." एवढं बोलून वर म्हणाले, "फुडच्या रविवारी मिरजंत हाय एका शाळंची. तितं प्लास्टिकच्या डब्यात टाकत्यात. येताय?"

मिरजेचा फॉर्म आम्ही भरलेलाच आहे. आजोबांना मी गाडीवरनंच घेऊन जाणार आहे. डबा, चिठ्ठ्या, घड्या, सगळं त्यांनी नीट तपासावं, माझी काही हरकत नाही. फक्त ओवीची चिठ्ठी निघाली की त्यांना लगेच बाहेर चहाला न्यायचं, लांबच्या टपरीवर, आणि भजी गरम काढायला सांगायची.