दसरा चौकातली बोर्डिंगे आणि डेन्मार्कमधले एक कॉलेज

कोल्हापुरातील कॉलेजांनी स्वायत्तता घ्यावी की नाही, यावर घरची मंडळी आणि जुने सहाध्यायी गेली काही वर्षे तावातावाने वाद घालत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वायत्ततेवर भर दिल्यापासून या वादाला धार आली आहे. एका बाजूचे म्हणणे असे की अभ्यासक्रम आणि परीक्षा हातात आल्या की कॉलेजला काही नवे करता येईल. दुसऱ्या बाजूची भीती अशी की अनुदान आटेल, फी वाढेल आणि राधानगरी-शाहूवाडीकडचा मुलगा फाटकाबाहेर राहील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण मी राहतो त्या डेन्मार्कमध्ये, हेल्सिंगोर गावात, शंभर वर्षांहून अधिक काळ स्वतंत्रपणे चालणारे एक आंतरराष्ट्रीय कॉलेज आहे आणि त्याचा इतिहास समजून घेतल्यापासून मला वाटू लागले आहे की आपल्या वादात दोन प्रश्न विचारलेच जात नाहीत: संस्था कोणाच्या मालकीची आहे, आणि तिथे कोण कोणाशेजारी बसून जेवते?

इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज हे त्याचे नाव. पीटर मॅनिके या डॅनिश शिक्षकाने ते १९२१ मध्ये सुरू केले. पहिले महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती. डेन्मार्क युद्धात तटस्थ राहिला होता, त्यामुळे कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतील तरुणांना एका छपराखाली आणायला ही भूमी सोयीची होती. इंग्लंडमधील क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे पाठबळ मिळाले, एक शेतवाडी मिळाली आणि सुरुवातीचे विद्यार्थी वर्गात जसे बसले तसेच शेतातही राबले. शांततेवर व्याख्याने ठेवणे सोपे होते. मॅनिके यांनी त्याऐवजी वेगवेगळ्या देशांच्या मुलांना एका घरात राहायला आणि एकच काम वाटून घ्यायला लावले, आणि माझ्या मते या संस्थेचे सारे मोठेपण त्या निर्णयात आहे.

या कॉलेजमागे डेन्मार्कची लोकशाळांची परंपरा आहे. धर्मोपदेशक आणि कवी असलेल्या ग्रुंटविग यांनी शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलांसाठी निवासी शाळांची कल्पना मांडली आणि तशी पहिली शाळा १८४४ मध्ये रोडिंग येथे निघाली. या शाळांत परीक्षा नसते, गुण नसतात. इतिहास, गाणी, चर्चा आणि सहजीवन यांतून माणूस नागरिक म्हणून उभा राहावा, हा त्यांचा हेतू असून आजचा कायदाही त्यांच्याकडून लोकशाही संस्कारांची अपेक्षा करतो. सरकार विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार अनुदान देते, उरलेला खर्च विद्यार्थी फीमधून भागवतात. संस्था स्वतःचीच मालक असते. शिल्लक राहिली तर ती शाळेच्याच कामी लावावी लागते, संचालक मंडळातील कोणी ती घरी नेऊ शकत नाही. सरकारी पैसा घेऊनही काय शिकवायचे ते शाळा स्वतः ठरवते. कोल्हापुरात अनुदान आणि स्वातंत्र्य यांपैकी एकच काहीतरी मिळेल असे गृहीत धरून वाद चालतो, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

एका संध्याकाळी मला तिथे जेवायला बोलावले होते. जेवण आटोपताच पाळी असलेल्या मुलांनी अ‍ॅप्रन चढवले. खरकटे काढणे, ताटे विसळणे, टेबले पुसणे अशी कामे वाटलेली होती. ताटे विसळणारा मुलगा आफ्रिकेतला होता, पुसणारी मुलगी जपानची होती आणि भांडी कोणत्या कपाटात जातात यावर दोघांचा मोडक्या इंग्रजीत बारीकसा वाद चालला होता. एकही शिक्षक मध्ये पडला नाही. पाच मिनिटांत त्यांचे त्यांनीच मिटवले.

हे पाहताना कोल्हापूर आठवणे अपरिहार्य होते, कारण एकत्र राहून शिकण्याचा विचार आपल्याकडे डेन्मार्कमधून आलेला नाही. मॅनिके यांच्या कॉलेजच्या वीस वर्षे आधी, १९०१ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह सुरू केले होते. त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठीचे मिस क्लार्क अशी एकेक बोर्डिंगे उभी राहिली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी, ज्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. श्रमाला कमीपणा न मानण्याची शिकवण तिथून महाराष्ट्रभर गेली. शिवाजी विद्यापीठातील 'कमवा व शिका' योजना त्याच वाटेवरची.

महाराजांनी बोर्डिंगे जातवार का काढली, हे समजण्यासारखे आहे. एका पंगतीला न बसणाऱ्या समाजांतील आईबापांनी मुलांना शिकायला शहरात पाठवायचे, तर आधी त्यांच्या ओळखीचे छप्पर हवे होते. पण महाराज तिथे थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा आदेश काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा प्यायले. त्यांची दिशा स्पष्ट होती. त्या दिशेचे पुढचे पाऊल कोल्हापूरने आजच्या वादात मध्यभागी आणायला हवे, आणि ते येत नाही याचे मला मनापासून दुःख होते.

डेन्मार्कची नक्कल करा, असे मी म्हणणार नाही. इथला तरुण सहा महिने प्रमाणपत्राविना शिकू शकतो, कारण पुढच्या शिक्षणाची आणि पोटापाण्याची त्याला फारशी धास्ती नसते. भुदरगडच्या शेतकऱ्याच्या मुलीला पदवी हवी आणि ती वेळेत हवी. परीक्षा काढून टाकण्याचा उपदेश तिला परदेशात बसून करणे अन्यायाचे होईल. शिवाय हेल्सिंगोरचे कॉलेजही सर्वांना खुले आहे असे मानता येत नाही. फी आणि व्हिसा या दोन अडथळ्यांवर गरीब देशांतील किती तरी मुले अडतात, आणि आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेत ही उणीव मोठीच आहे.

तरीही दोन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. स्वायत्तता मागणाऱ्या संस्थेने आपले जमाखर्च, फी आणि शिल्लक रकमेचा विनियोग विद्यार्थी-पालकांपुढे दरवर्षी मांडावा, आणि ही अट परवानगीच्या कागदातच असावी. दुसरी गोष्ट बोर्डिंगांची. त्यांची नावे आणि त्यांचा इतिहास आहे तसा राहू द्यावा. पण दसरा चौकाच्या परिसरातील बोर्डिंगांच्या विश्वस्तांनी एकत्र बसून काही खोल्या एकमेकांच्या विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात, आठवड्यातून एक जेवण आळीपाळीने एकेका मेसमध्ये सर्वांचे मिळून करावे आणि वाढण्याच्या व भांड्यांच्या पाळ्या मिसळून लावाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, विद्यापीठाची मंजुरीही लागत नाही. येत्या जूनच्या प्रवेशांपूर्वी विश्वस्तांची एक बैठक पुरेशी आहे.